टॅक्सीचालकांचा विरोध ॲपला आहे, की एकाच रस्त्यावरच्या दोन कायद्यांना?

रस्ताकर (मूळ धागा)

ॲपवरच्या गाड्यांविरुद्ध परवानाधारक टॅक्सीचालक रस्त्यावर उतरले की 'तंत्रज्ञानाला घाबरलेले लोक' असा शिक्का त्यांच्यावर लगेच बसतो. हा शिक्का अन्यायाचा आहे.

बहुतेक मोठ्या शहरांत टॅक्सीचा धंदा एका करारावर उभा राहिला. रस्त्यात हात दाखवणारे गिऱ्हाईक उचलण्याचा हक्क फक्त टॅक्सीला; त्या बदल्यात भाडे सरकार ठरवणार, मीटरला सील ठोकणार, गाडी कशी असावी तेही सांगणार. लंडनचे उदाहरण घ्या. काळ्या टॅक्सीच्या पूर्ण परवान्यासाठी 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते. मध्य लंडनमधल्या चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते आणि ३२० ठरलेले मार्ग डोक्यात बसवायला साधारण तीन-चार वर्षे जातात. गाडी ८.५ मीटरच्या वर्तुळात वळली पाहिजे, व्हीलचेअर आत घेता आली पाहिजे. २०१८ पासून नव्याने परवाना मिळणाऱ्या टॅक्सीला काही अंतर तरी धूर न सोडता धावता येणे सक्तीचे झाले. म्हणजे महागडी गाडी आणि तिचे मोठे हप्ते.

खासगी भाड्याच्या गाडीला यातली नॉलेज, वळण आणि व्हीलचेअरची अट नव्हती, कारण तिने फक्त आगाऊ नोंदलेले भाडे घ्यायचे होते. फोन करून गाडी मागवायला अर्धा तास लागायचा तेव्हा हा फरक खरा होता. फोनवर बोट ठेवल्यावर गाडी तीन मिनिटांत येऊ लागली, तेव्हा 'आगाऊ नोंदणी' आणि 'हात दाखवणे' यांत प्रवाशाच्या लेखी काही अंतर उरले नाही. कायद्यात मात्र ते तसेच राहिले. एकाच कोपऱ्यावरचे एकच गिऱ्हाईक, पण त्याला उचलणाऱ्या एका गाडीवर सगळी बंधने आणि दुसरीवर निम्मी. विरोध इथून सुरू होतो.

न्यूयॉर्कमध्ये घाव कर्जाचा होता. १९३७ च्या हास कायद्याने पिवळ्या टॅक्सींची संख्या बांधून टाकली. पुढे ती १३,५८७ परवान्यांपर्यंत गेली. तिथे परवान्याला मेडॅलियन म्हणतात. तो विकता येतो, तारण ठेवता येतो. २०१४ च्या सुमारास एकाचा भाव दहा लाख डॉलरच्या वर होता आणि शहर स्वतः लिलाव करून पैसे घेत होते. ॲपच्या गाड्यांना मेडॅलियन लागलाच नाही. भाव कोसळले, कर्जे मात्र जिथल्या तिथे राहिली. ज्याने सरकारकडून हक्क विकत घेतला, त्याचा हक्क सरकारने विनामोबदला पातळ केला. याला तंत्रज्ञानाची भीती कसे म्हणायचे?

अनवट

कराराची एकच बाजू मांडली आहे. मेडॅलियन दहा लाखांवर गेला तो चालकाच्या कौशल्यामुळे नाही. शहर वाढत गेले आणि परवाने जवळपास तेवढेच राहिले म्हणून गेला. ती टंचाईची किंमत होती, आणि ती टॅक्सी न मिळणारा प्रवासी मोजत होता. पिवळ्या टॅक्सी मॅनहॅटन आणि विमानतळ सोडून फारशा फिरकत नव्हत्या. म्हणून तर २०१३ मध्ये शहराला बाकीच्या भागांसाठी हिरव्या टॅक्सी आणाव्या लागल्या. ॲप तेव्हा तिथे नुकते पाय रोवत होते.

दुसरे, विरोध नेमका कोणाचा? बरेच मेडॅलियन ताफ्याच्या मालकांकडे किंवा गुंतवणूकदारांकडे होते. चालक बारा तासांच्या पाळीसाठी गाडी भाड्याने घ्यायचा, पाळीचे पैसे आधी भरायचा आणि पहिले काही तास फक्त तेवढे फेडण्यात घालवायचा. त्याच्यासाठी परवान्याचा चढा भाव म्हणजे महाग पाळी. मालकाचे नुकसान आणि चालकाचे नुकसान एका पोतडीत घालू नका.

आणि जवळच्या अंतराला नकार, 'कार्डचे यंत्र बंद आहे', अनोळखी माणसाला लांबून फिरवणे, या तक्रारी ॲप येण्याच्या कितीतरी आधीपासूनच्या आहेत. नियम कागदावर होते, पण नकार देणाऱ्याची नोंद कुठेच राहत नव्हती. ॲपमध्ये मार्ग, वेळ, चालक आणि रक्कम यांची नोंद राहते. हा फरक प्रवाशाला कळला आणि तो तिकडे गेला.

युरोपीय न्यायालयाचा जून २०२३ चा निकालही पाहा. बार्सिलोना महानगरात ३० टॅक्सींमागे चालकासह भाड्याच्या एकाच गाडीला परवाना, अशी मर्यादा होती. न्यायालयाने सांगितले की टॅक्सी व्यवसाय आर्थिकदृष्ट्या टिकावा, हे अशा मर्यादेचे समर्थन होऊ शकत नाही.

साक्षेपी

बार्सिलोनाचा अर्धाच निकाल आला. तिथल्या टॅक्सी संघटनेनेच नेलेल्या खटल्यात २० डिसेंबर २०१७ रोजी त्याच न्यायालयाने ठरवले की उबरची सेवा म्हणजे केवळ माहितीची देवाणघेवाण नसून वाहतूक सेवा आहे, म्हणून तिच्यावर वाहतुकीचे नियम लावता येतात. 'आम्ही फक्त ॲप आहोत' हा बचाव टॅक्सीवाल्यांनी मोडून काढला. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे: नियम लावा, पण टॅक्सी जगवायची म्हणून स्पर्धकाची संख्या दाबू नका.

मला मात्र मीटरबद्दल लिहायचे आहे, कारण या वादाचा गाभा तिथे आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

टॅक्सीचा मीटर चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फिरण्यातून येणारे स्पंद मोजतो. एका किलोमीटरला किती स्पंद, हा आकडा त्या गाडीपुरता ठरवून मीटरमध्ये भरतात आणि सील करतात. दर दोन असतात, अंतराचा आणि वेळेचा. समजा किलोमीटरला २० एकक आणि तासाला २४० एकक. दोन्ही दर जिथे सारखे होतात तो वेग ताशी १२ किलोमीटर. गाडी त्याहून हळू असली की मीटर घड्याळावर चालतो, वेगात असली की चाकावर. म्हणून कोंडीत उभ्या गाडीचाही आकडा वाढतो. काही ठिकाणी अंतर आणि वेळ दोन्ही सतत मोजून बेरीज करतात. तिथे दर वेगळे बांधावे लागतात, नाहीतर हळू प्रवास फार महाग पडतो.

चुका कुठे होतात? टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरात फेरे जास्त होतात आणि मीटर जास्त दाखवतो. ३१० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकावर ६ मिलिमीटर रबर गेले तर फरक जवळपास दोन टक्के, म्हणजे १०० किलोमीटरचे १०२. मापाबाहेरचा लहान टायर बसवला तर त्याहून जास्त. पण ही चूक पकडता येते: मोजलेल्या रस्त्यावर गाडी चालवा, आकडा ताडून पाहा, सील तपासा.

ॲपमध्ये अंतर उपग्रहाच्या संकेतांवरून निघते. मोकळ्या आकाशाखाली चूक काही मीटरची. उंच इमारतींत संकेत भिंतींवर आपटून येतात, ठिपके वाकडेतिकडे पडतात आणि जोडले तर अंतर फुगते. म्हणून ते नकाशावरच्या रस्त्याला चिकटवून घेतात. बोगद्यात संकेत तुटतो, उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांत गफलत होते. शिवाय अनेक शहरांत प्रवाशाला रक्कम आधीच सांगतात. ती अंदाजित अंतर, वेळ आणि त्या घडीची मागणी यांवरून निघते, आणि चालकाला मिळणारी रक्कम वेगळ्या हिशेबाने. दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले नसले की कंपनीचा वाटा फेरीगणिक बदलतो, आणि बाहेरच्या कोणालाही तो रस्त्यावर तपासता येत नाही.

लंडनच्या चालकांनी जून २०१४ मध्ये चक्का जाम केला तो याच मुद्द्यावर. मीटर लावण्याचा हक्क कायद्याने फक्त टॅक्सीला, मग वेळ आणि अंतरावर भाडे काढणारा फोन हा मीटर नाही का? ऑक्टोबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने 'नाही' म्हटले. हिशेब गाडीत होत नाही, दूरच्या सर्व्हरवर होतो, त्यामुळे गाडीला मीटर बसवला आहे असे म्हणता येत नाही. कायद्याच्या शब्दांत निकाल बसतो. पण तपासणीच्या दृष्टीने पाहा: सील असलेले यंत्र कायद्याखाली, सील नसलेला हिशेब कायद्याबाहेर. मला हे उलटे वाटते.

उत्तरमुख

मीटरचा मुद्दा पटला. पण धाग्यात ॲपचा चालक कुठेच नाही, आणि लढाई आता त्याच्याकडे सरकली आहे.

त्याच्या दिवसाचे तीन तुकडे असतात: लॉगिन करून वाट पाहणे, प्रवाशाकडे रिकामे जाणे, प्रवासी घेऊन जाणे. पैसे प्रामुख्याने तिसऱ्याचे, इंधन दुसऱ्याचेही, आणि गाडीचा हप्ता तिन्हींचा. न्यूयॉर्कने फेब्रुवारी २०१९ पासून किमान मोबदल्याचे सूत्र आणले ते नेमके यावर. मैल आणि मिनिटांचे ठरलेले दर गाडी भरलेली असण्याच्या प्रमाणाने भागायचे. सुरुवातीला हे प्रमाण ५८ टक्के धरले. म्हणजे ५८ मिनिटे प्रवासी बसला असेल तर हिशेब १०० मिनिटांचा.

बिघाड लगेच दिसला. रिकामी गाडी आता कंपनीला महाग पडू लागली, तेव्हा मागणी कमी असताना कंपन्यांनी चालकांना लॉगिनच बंद केले. कागदावर प्रमाण सुधारले, चालक रस्त्याकडेला ॲप उघडण्याची वाट पाहत राहिला.

ब्रिटनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांना 'कामगार' ठरवले आणि आपल्या परवाना-क्षेत्रात लॉगिन करून भाडे घ्यायला तयार असण्याचा काळ कामाचा धरला. टॅक्सीचालक आधीपासून सांगत होते की स्वस्त भाड्याचा एक भाग चालकाच्या न मोजलेल्या वेळेतून येतो. ते बरोबर निघाले. म्हणून मला दोन्ही चालक एका बाजूला दिसतात.

अनवट

किमान मोबदला हवाच, त्याला माझा विरोध नाही. संख्येवरच्या मर्यादेला आहे. न्यूयॉर्कने २०१८ मध्ये ॲपच्या गाड्यांचे नवे परवाने गोठवले. परिणाम? आधीपासून परवाना असलेल्यांच्या हातात ते भाड्याने देण्याजोगे झाले, आणि नव्या चालकाला गाडीसोबत परवान्याचेही भाडे मोजावे लागले. मेडॅलियनचा रोग नव्या अंगात शिरला. टंचाई निर्माण केली की तिचा भाव निघतो आणि तो भाव चालवणाऱ्याच्या खिशातून जातो. टॅक्सी संघटना दर वेळी पहिली मागणी याच मर्यादेची करतात, म्हणून त्यांच्या 'समान नियम' या शब्दांवर माझा विश्वास बसत नाही.

रस्ताकर

ताफ्याचा मालक आणि एकटा चालक यांतला फरक मान्य. पण एका मेडॅलियनसाठी कर्ज काढून स्वतः गाडी चालवणारेही हजारो होते आणि २०२१ मध्ये शहराच्या सभागृहाबाहेर उपोषणाला तेच बसले. त्यातून निघालेल्या तोडग्यात पात्र कर्जे १,७०,००० डॉलरपर्यंत खाली आणली आणि शहराने हमी घेतली. या मागणीत ॲप बंद करा असा शब्द नव्हता.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने परवान्यांचे जुने मूल्यच संपवले आणि भरपाई दिली: पहिल्या परवान्याला १,००,००० डॉलर, पुढच्या तीनपर्यंत प्रत्येकी ५०,०००. पैसा उभारायला २०१८ पासून टॅक्सी आणि ॲप दोन्हींच्या प्रत्येक फेरीवर सुरुवातीला एक डॉलर आकार. कल्पना योग्य, हिशेब अपुरा. परवाना स्वस्तात घेऊन त्यावर अनेक वर्षे कमावलेल्याला आणि भाव शिखरावर असताना कर्ज काढून घेतलेल्याला रक्कम सारखीच. खरेदीचे वर्ष, खरेदीची किंमत आणि उरलेले कर्ज, या तीन नोंदी पाहून रक्कम ठरली असती तर सर्वांत जास्त बुडालेला माणूस वाचला असता.

अनवट

या भरपाईला मी पाठिंबा देईन, कारण ती एकदाच द्यायची आहे आणि रस्ता सर्वांना खुला ठेवते. पण त्याच देशात २०२४ मध्ये उबरने टॅक्सीचालकांच्या सामूहिक दाव्यात २७.१८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याची तडजोड केली, ती यात मिसळू नका. तो दावा कायदा बदलण्याआधी विनापरवाना गाड्या चालवल्याबद्दल होता. नियम मोडून शिरकाव केला तर नुकसान भरून द्यावेच लागेल, यावर आपले दुमत नाही.

साक्षेपी

आता टॅक्सीच ॲपवर येत आहे, तेव्हा मीटरचा प्रश्न संपलेला नाही. बार्सिलोनात उबर २०२१ मध्ये परतले ते टॅक्सी घेऊन, आणि न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सी त्याच ॲपवर दाखवण्याचा करार २०२२ मध्ये झाला. अशा फेरीत मीटरचा आकडा चालणार की आधी सांगितलेली रक्कम? कोंडीत वेळ दुप्पट लागला तर ठरलेल्या रकमेत तोटा चालकाचा, मीटरवर खर्च प्रवाशाचा. चालकाने करार करताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: फेरी स्वीकारण्याआधी त्याला मिळणारी रक्कम आणि उतरण्याचे ठिकाण दिसेल का, मार्ग बदलला किंवा थांबावे लागले तर रक्कम कोणत्या दराने वाढेल, आणि फेरी संपल्यावर प्रवाशाने दिलेली पूर्ण रक्कम त्याच्या पावतीवर येईल का. तिसरी मिळत नसेल तर संघटनेने तिथेच बोलणी थांबवावीत, कारण बाकीच्या दोन पाळल्या जातात की नाही हे त्या आकड्याशिवाय तपासताच येत नाही.