मदत हवी आहे : बॅकस्टेजवाल्यानं मुंबईला जावं का?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बारा वर्षं रंगमंच व्यवस्था सांभाळतोय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेली वास्तू ती! ज्या विंगेत उभं राहून तिसरी घंटा दिली, ती आठवली की अजून पोटात कालवतं. तेव्हापासून माझे प्रयोग निम्म्यावर आलेत. मागच्या दौऱ्यात निर्मात्यानं दोन नाईटचे (म्हणजे दोन प्रयोगांच्या मानधनाचे) पैसे बुडवले, लेखी काहीच नव्हतं.

आता चाळिशीत मुंबईला व्यावसायिक नाटकात यायचं म्हणतोय. अनुभवाचा पुरावा म्हणजे पेन्सिलनं एंट्र्या, ब्लॅकआऊट मांडलेल्या संहिता, एवढंच. त्या चालतील का? सुरुवातीला नाईट किती मागावी? करारात काय लिहून घ्यावं? जाणकारांनी कृपया सांगा.