मदत हवी आहे: इन्शुरन्स कंपनी सोडतेय, आईबाबांचं मेडिक्लेम आणि ग्रॅच्युइटीचं काय होतं?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, लिहायला लाज वाटतेय कारण मी स्वतः एका प्रायव्हेट जनरल इन्शुरन्स कंपनीत हेल्थ क्लेम्सला आहे. दिवसभर लोकांच्या डिस्चार्ज समऱ्या वाचायच्या, क्वेऱ्या टाकायच्या, कोणाचा क्लेम पास कोणाचा रिजेक्ट ते बघायचं आणि फोनवर ऐटीत सांगायचं की "सर तुम्ही पर्सनल पॉलिसी वेळेत घ्यायला हवी होती". आणि माझ्या घरी काय, तर आईबाबांची एकही पर्सनल पॉलिसी नाही. कंपनीचं ग्रुप मेडिक्लेम होतं ना, पाच लाखांचं, आईवडील धरून, पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर, मग कशाला उगाच प्रीमियम भरा असं करत करत पावणेपाच वर्षं गेली.

आता दुसरीकडून ऑफर आलीय. डेटा ॲनालिटिक्सवाली कंपनी आहे, इन्शुरन्सशी संबंध नाही, पगार चांगला वाढतोय. पण तिथे ग्रुप पॉलिसीत फक्त मी, नवरा आणि मुलं. आईवडील नाहीत. बाबा ६७, शुगर आहे आणि २०२३ मधे अँजिओप्लास्टी झालीय (क्लेम आमच्याच ग्रुप पॉलिसीत झाला होता, एक रुपया खिशातून गेला नाही). आई ६२, बीपीची गोळी चालू.

येत्या सोमवारी म्हणजे १६ फेब्रुवारीला रिझाईन करायचा विचार आहे. नोटीस ९० दिवसांची, नवीन कंपनी एप्रिलअखेर या म्हणतेय, उरलेले दिवस बायआउट करून देतील (म्हणजे त्या दिवसांचे पैसे भरून मला लवकर सोडवतील). माझं जॉइनिंग ३ जून २०२१ चं. तर प्रश्न असे की आईबाबांचं कव्हर नक्की कधी संपतं आणि त्याचं पर्सनल पॉलिसीत रूपांतर खरंच होतं का की फक्त सर्क्युलरमधे असतं, ग्रॅच्युइटी पाच वर्षांना थोडक्यात हुकतेय तर काही होऊ शकतं का, आणि इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची असोसिएटशिप मी कंपनीच्या पैशाने केली ती फी परत मागतात का. एचआरला आत्ता विचारलं तर रिझाईन करायच्या आधीच बोभाटा होईल म्हणून इथे विचारतेय.

टाचणी

आता ग्रॅच्युइटी एक वर्षाला मिळते ना? नवीन लेबर कोड आलेत त्यात आहे. माझ्या भावाच्या ऑफिसात सगळे हेच बोलतायत. तुम्ही बिनधास्त रिझाईन करा.

जुना_फाईलवाला

टाचणी, थांबा थांबा. कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले हे खरं, पण एक वर्षवाली तरतूद फिक्स्ड टर्म म्हणजे ठराविक मुदतीच्या काँट्रॅक्टवर घेतलेल्यांसाठी आहे. पर्मनंट माणसाला पाच वर्षंच. व्हॉट्सॅपवर अर्धंच फिरतंय.

निळी_छत्री, मी पेरोलमधे बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो, आधी कॅलेंडर घेऊन बसा. तुमची पाच वर्षं २ जून २०२६ ला पूर्ण होतायत. १६ फेब्रुवारीपासून ९० दिवस मोजले की १७ मे येतो. म्हणजे पूर्ण नोटीस सर्व्ह केली तरी सोळा दिवस कमी आणि बायआउट घेतलं तर विषयच संपला. नोटीस पिरियडमधे तुम्ही प्रत्यक्ष काम करता ते दिवस सर्व्हिसमधे धरले जातात, बायआउट केलेले दिवस नाही, कारण शेवटच्या दिवसानंतर तुम्ही नोकरीतच नसता. आता हेच राजीनाम्याचं पत्र ९ मार्चला दिलं तर ९० दिवस ७ जूनला संपतात. तीन आठवडे गप्प बसायचं, बस.

बेसिक किती आहे ते सांगितलं नाहीत. फॉर्म्युला असा, शेवटचं बेसिक अधिक डीए (नव्या कोडांनुसार भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कमही यात धरायची), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं.

निळी_छत्री

बेसिक ४२,०००, डीए वगैरे नाही. म्हणजे निदान १ लाख २१ हजाराच्या आसपास येतात. अरे देवा. मी हे सोळा दिवसांसाठी सोडणार होते?? पण मी कुठेतरी वाचलं होतं की ४ वर्षं २४० दिवस झाले तरी चालतं. त्या हिशोबाने तर माझं झालंच आहे की.

जुना_फाईलवाला

वाचलंय ते खोटं नाही. मद्रास हायकोर्टाचा जुना निकाल आहे, पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं असा. आणि तुमचं ऑफिस पाच दिवसांच्या आठवड्याचं असेल तर २४० पण नाही, १९० दिवस. पण सगळ्या कंपन्या हे आपणहून मानत नाहीत, काही एचआर पॉलिसीत स्पष्ट लिहितात की मानू, काही म्हणतात कोर्टात जा. तीन आठवडे थांबून जे हक्काने मिळतंय त्यासाठी भांडत कशाला बसायचं? भांडण हा प्लॅन बी ठेवा.

सायली_झाड

पैशांचं ठीक आहे हो पण माझ्या मते खरा प्रश्न बाबांचा आहे. मी एका हेल्थ इन्शुरन्स कंपनीत अंडररायटिंगला, म्हणजे पॉलिसी द्यायची का आणि कितीला हे ठरवणाऱ्या विभागात होते (आता नाही). सविस्तर लिहिते, लांब होईल.

एक. कव्हर साधारणपणे शेवटच्या वर्किंग डेलाच संपतं. एचआर डिलीशनची (नावं काढायची) यादी पाठवतं आणि एन्डॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचं पत्र) निघतं, कधीकधी यादी महिन्याने जाते पण तारीख मागचीच पडते, त्यामुळे "कार्ड अजून चालतंय" यावर अजिबात विसंबू नका. हे तुम्हाला माहितीच असेल.

दोन. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या इंडिव्हिज्युअल पॉलिसीत जायला मायग्रेशन म्हणतात, पोर्टेबिलिटी नाही (ती दुसऱ्या कंपनीकडे जाताना). लोक दोन्ही एक समजतात आणि भलत्याच कंपनीकडे अर्ज टाकून बसतात. आधी त्याच इन्शुररकडे जायचं, मग पुढच्या रिन्युअलला हवं तर दुसरीकडे पोर्ट करा. तुमच्या केसमधे गंमत अशी की तुमची कंपनी हाच तुमचा इन्शुरर आहे, म्हणजे अर्ज तुमच्याच अंडररायटिंगच्या टेबलावर जाणार.

तीन, आणि हे नीट वाचा. मायग्रेशन मागता येतं ही तरतूद आहे, पण ग्रुपमधून इंडिव्हिज्युअलला जाताना अंडररायटिंग होतं. म्हणजे मेडिकल टेस्ट मागू शकतात, लोडिंग (जादा प्रीमियम) लावू शकतात, नाही पण म्हणू शकतात. अँजिओप्लास्टी आणि शुगर बघून सरळ हो म्हणतील अशी आशा धरू नका. पण हो म्हटलं तर जो फायदा आहे तो नवीन पॉलिसीत कधीच मिळणार नाही. आत्ता कुठलीही नवीन पॉलिसी घेतलीत तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग (तोवर त्यांचे क्लेम मिळत नाहीत) लागू शकतं (पूर्वी चार होतं, एप्रिल २०२४ पासून तीन केलं). मायग्रेशनमधे तुमची ग्रुपमधली पावणेपाच वर्षं क्रेडिट मिळतात म्हणजे ते वेटिंग संपल्यात जमा. फक्त आत्ताच्या सम इन्शुअर्डपुरतं म्हणजे पाच लाखांपर्यंत. वाढवून दहा घेतलंत तर वरच्या पाचला वेटिंग पहिल्यापासून.

आणि अजून एक, मोरॅटोरियम आता ६० महिन्यांचा आहे. सलग पाच वर्षं कव्हर झालं की फ्रॉड सोडून इतर कारणाने, म्हणजे जुनं काही सांगितलं नाही वगैरे म्हणून, क्लेम नाकारता येत नाही. मायग्रेशनमधे ही वर्षंही मोजली जातात. आईबाबांना जॉइन झाल्या झाल्या ॲड केलं होतं का? तसं असेल तर तुमच्या ग्रॅच्युइटीची आणि त्यांच्या मोरॅटोरियमची पाच वर्षं जवळपास एकाच आठवड्यात भरतायत! एप्रिलमधे सोडू नका हो.

निळी_छत्री

हो जूनमधेच ॲड केलं होतं. सायली_झाड, हे सगळं मला माहिती असायला हवं होतं. म्हणजे माहिती आहे, पण कस्टमरच्या फाईलवर. स्वतःवर लावून कधी बघितलंच नाही. आमच्या अंडररायटिंगवाल्यांबरोबर मी रोज डबा खाते आणि आता बाबांचा प्रपोजल फॉर्म त्यांच्याकडे द्यायचा, विचित्र वाटतंय.

सायली_झाड

द्या बिनधास्त. फक्त फॉर्ममधे एकही गोष्ट लपवू नका, तिथे ओळखीवर जाऊ नका. २०२३ चा क्लेम तर त्यांच्या सिस्टीममधे आहेच. आणि आईबाबांची एकत्र फ्लोटर टाकू नका, दोघांचे वेगवेगळे फॉर्म भरा. बाबांना नाही म्हटलं तरी आईचं अडकणार नाही. कव्हर चालू असतानाच अर्ज करा, शेवटच्या दिवसाच्या निदान महिनाभर आधी. प्रीमियमवर आता जीएसटी नाही, सप्टेंबर २०२५ पासून पर्सनल हेल्थ पॉलिसीवरचा काढलाय, तेवढं बरं.

पायरी_नं_३

अजून एक, कोणी लिहिलं नाही म्हणून. ग्रुप टर्म लाईफ पण त्याच दिवशी बंद होतं. नवऱ्याच्या आणि तुमच्या नावावर स्वतःचं टर्म नसेल तर ते आधी. आणि पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा, यूएएन (पीएफचा नंबर) तोच राहतो. पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो आणि ट्रान्सफर केला की आधीची नोकरी धरून वर्षं मोजतात. पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात ती पण तशीच जोडली जातात.

असोसिएटशिपच्या फीचं ऑफर लेटर आणि ट्रेनिंग पॉलिसी उघडून बघा. सही केलेलं काही असेल, म्हणजे परीक्षा पास झाल्यावर अमुक महिने राहीन असं, तरच एफ अँड एफमधे (शेवटच्या हिशोबात) कापू शकतात. नुसतं बक्षीस म्हणून दिलं असेल तर नाही. आणि स्टाफ लोन आहे का काही? असेल तर ते आधी बोला, सवलतीचा व्याजदर नोकरीबरोबर जातो आणि काही ठिकाणी उरलेली रक्कम एकदम भरायला लावतात. मला ते शेवटच्या पंधरा दिवसांत कळलं होतं, घाम फुटला होता.

टाचणी

मी वरचं चुकीचं लिहिलं होतं, सॉरी. भावाला पण सांगितलं.

निळी_छत्री

अपडेट देते, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

रिझाईन ९ मार्चला केलं. नवीन कंपनीला खरं कारण सांगितलं की पाच वर्षं पूर्ण करायची आहेत, मला वाटलं नाक मुरडतील पण तिथली एचआर म्हणाली आम्हालाही बायआउटचे पैसे वाचतात, ठीक आहे. शेवटचा दिवस ५ जून ठरला, जॉइनिंग सोमवारी ८ जूनला. मधले शनिवार रविवार माझं स्वतःचं कुठलंच कव्हर नाही, हे क्लेम्सवालीच्या डोक्यातच येऊ शकतं. स्टाफ लोन नाही, सुटले. असोसिएटशिपच्या फीवर सही केलेलं काही सापडलं नाही, एचआरनेही विषय काढला नाही, मी पण नाही.

मायग्रेशनचे दोन्ही फॉर्म वेगळे दिले. आईचं सरळ झालं. बाबांच्या टेस्ट मागितल्या, इको आणि एचबीएवनसी, आणि लोडिंग लावून हो म्हटलं. लोडिंग बघून बाबा म्हणाले एवढे पैसे कशाला, मी काय रोज आजारी पडतो का. कस्टमर पण अगदी हेच म्हणतात, शब्दसुद्धा तेच.

बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू गेलं वर्षभर पुढे ढकलत होतो, तो ग्रुप कव्हर चालू आहे तोवर एप्रिलमधेच करून घेतोय. क्लेम आमच्याच टीमकडे येणार पण घरच्या माणसाची फाईल मला उघडता येत नाही, शेजारच्या टेबलवर जाईल. तिला आत्ताच सांगून ठेवलंय की सगळी कागदपत्रं पहिल्याच खेपेला देते, क्वेरी टाकलीस तर बघ.