लंडनच्या हॅमलीजला मुलांना घेऊन जाण्याविषयी सल्ला हवा आहे

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही चौघे पाच दिवसांसाठी लंडनला जात आहोत. मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ५ वर्षांची असून दोघांनीही रीजंट स्ट्रीटवरच्या हॅमलीज या खेळण्यांच्या दुकानाचा ध्यास घेतला आहे. माझ्या मनात मात्र शंका आहेत. ही कंपनी २०१९ मध्ये रिलायन्सने विकत घेतली आणि तिची दुकाने आपल्याकडच्या मॉलमध्येही आहेत. मग इतक्या लांब जाऊन तेच पाहण्यात अर्धा दिवस घालवावा का? शिवाय सात मजल्यांच्या दुकानात दोन मुलांचे हट्ट आवरायचे कसे? जे मुलांना घेऊन जाऊन आले आहेत त्यांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

ताई, जरूर जा. फक्त खरेदीला न जाता खेळ बघायला जात आहोत असे घरूनच ठरवून जा. बहुतेक खेळणी आपल्याकडेही मिळतात हे खरे आहे, परंतु ती खेळून दाखवणारी जी माणसे त्या दुकानात मजल्यामजल्यावर उभी असतात, त्यांच्यासाठी तेथे जायचे असते. आम्ही गेलो तेव्हा दाराजवळच एक तरुण फोमचे विमान गर्दीच्या डोक्यावरून सोडत होता आणि ते गिरकी घेऊन, त्याने मान वळवूनही न पाहता, नेमके त्याच्या बोटांत येऊन बसत होते. आमचे चिरंजीव वीस मिनिटे जागचे हलले नाहीत. ते विमान अर्थातच आम्ही घेतले आणि घरी पहिल्याच फेकीत ते कपाटामागे गेले; त्यात दोष विमानाचा नव्हे, आमच्या मनगटाचा. तेव्हा प्रात्यक्षिक पाहून लगेच काही उचलू नका.

हट्टांविषयी आमचा उपाय सांगतो. आदल्या रात्री प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर पौंडांचा एक आकडा लिहून दिला, तो आई आणि बाबा दोघांनाही बदलता येणार नाही असे सांगितले आणि पहिल्या फेरीत कशालाही हात लावायचा नाही, फक्त आवडलेल्या तीन वस्तू लक्षात ठेवायच्या, असा नियम केला. सरकत्या जिन्याने वरपर्यंत जाऊन खाली येईतो त्या तिनांतील दोन आपोआप गळल्या. लेक तर शेवटी चिठ्ठी आणि किमतीची पट्टी शेजारी शेजारी धरून वजाबाकी करू लागली. दुसऱ्याच्या आकड्यातून उसने घ्यायचे नाही, हे मात्र आधीच बजावा. आमची भांडणे तेथेच झाली.

मुलगा ९ वर्षांचा आहे तर त्याला इतिहासही सांगा. विल्यम हॅमली यांनी १७६० मध्ये हाय होबॉर्न भागात ‘नोहाज आर्क’ या नावाने दुकान सुरू केले, रीजंट स्ट्रीटवर शाखा आली ती १८८१ मध्ये, आणि आजच्या इमारतीत ते १९८१ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धात दुकानावर पाच वेळा बॉम्ब पडले आणि तरीही कर्मचारी शिरस्त्राणे घालून दारातूनच खेळणी विकत राहिले, असे सांगतात.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ल्याशी सहमत आहे. केवळ वेळेविषयी लिहितो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तेथील शाळांना सहसा सत्राच्या मध्यातली आठवडाभराची सुट्टी असते आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे तुम्हाला गर्दी भेटणारच. दुकान उघडताच जा. रविवार शक्यतो टाळा, कारण इंग्लंडमधील कायद्यानुसार मोठ्या दुकानांना त्या दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत सलग सहा तासच विक्री करता येते आणि सगळी गर्दी तेवढ्यात एकवटते. दोन तास पुरतात.

ऑक्सफर्ड सर्कस हे स्थानक अगदी जवळ आहे, परंतु तेथे फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट नाही. मुलीसाठी बाबागाडी नेणार असाल तर रीजंट स्ट्रीटवरून जाणारी बस अधिक सोयीची पडेल. ११ वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाबरोबर बस आणि भुयारी रेल्वे दोन्ही मोफत असतात, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांचे तिकीट लागणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चिठ्ठीची युक्ती आजपासूनच घरी सुरू करते. आणखी दोन प्रश्न विचारते. परदेशी पर्यटकांना कर परत मिळतो असे ऐकले आहे, ते खरे का? आणि खेळण्यांच्या दुकानानंतर त्याच दिवशी मुलांना कोठे न्यावे?

पहिला प्रतिसाद देणारे पुन्हा

कराची ती सवलत ग्रेट ब्रिटनमध्ये २०२१ च्या आरंभापासून बंद झाली आहे. पट्टीवरच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो आणि तो आपण भरायचाच, त्यामुळे चिठ्ठीवरचा आकडा त्या हिशेबाने लिहा.

दुपारी बेथनल ग्रीनच्या ‘यंग व्ही अँड ए’ला न्या. ऑक्सफर्ड सर्कसहून सेंट्रल लाइनने गाडी न बदलता जाता येते. हे मुलांसाठीचे संग्रहालय २०२३ मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडले, प्रवेश मोफत आहे आणि तेथील जुनी बाहुलीघरे तुमच्या लेकीला नक्की आवडतील. सकाळी विकत घेता न आलेल्या गोष्टींची हळहळ तेथे विसरली जाते, निदान आमच्याकडे तरी विसरली गेली.

परतीच्या सामानाविषयीही लिहितो. खेळण्यातली बंदूक हातातल्या पिशवीत ठेवू नका, विमानतळावर ती काढून घेतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र उलट हातातल्या पिशवीतच ठेवाव्या लागतात. आमच्या मुलाने आवडीचे तिसरे खेळणे म्हणून नेमकी बंदूकच निवडली होती, म्हणून हे सुचले.