ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कितीही घासल्या तरी धुरकटच

क्रोमवेडा:
गाडी १९६५ च्या आसपासची. काचेभोवतीच्या आणि दारांवरच्या ॲल्युमिनियम पट्ट्या पांढुरक्या पडल्यात, मधेमधे ठिपकेही आहेत. मेटल पॉलिशने दोनदा घासल्या. चमक तर नाहीच, फडकंसुद्धा काळं झालं नाही. आता वॉटर पेपर मारू का?

घासूनपुसून:
थांबा. फडकं काळं होत नाही, यातच उत्तर आहे. उघडं ॲल्युमिनियम पॉलिश लागताच फडकं काळं करतं. तुमच्या पट्ट्या ॲनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने कठीण संरक्षक थर चढवलेल्या) दिसतात. वरचा थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे पॉलिश पेपरवर जे दाणे असतात त्याच जातीचा. त्याच्यापुढे पॉलिश काय करणार? खात्रीसाठी मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर (वीज वाहते का ते बीप देऊन सांगणारी सेटिंग) ठेवून त्याची दोन्ही टोकं पट्टीवर हलकेच टेकवा. बीप नाही म्हणजे थर शाबूत.

थर कॉस्टिक सोड्याने काढतात. पट्टी गाडीवरून उतरवूनच. काच आणि रंग यांच्या जवळपासही नको. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये १ लिटर गार पाण्याला ५० ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. चष्मा, रबरी हातमोजे, उघडी जागा; निघणारा वायू हायड्रोजन असतो, तेव्हा जवळ ठिणगी नको. सुरुवातीला काहीच होत नाही. सगळीकडून बुडबुडे सुटले की थर गेला, लगेच काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. पुढे ठेवलीत तर धातूच खाल्ला जातो. वर काळपट पूड दिसेल. ती मिश्रधातूतल्या तांबं-सिलिकॉनची, घासताना जाते.

पत्रेवाला:
पोचे आधी काढा, मागून छोट्या हातोडीने, लाकडावर टेकवून. ठिपके खोल असतील तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून, नाहीतर ६०० पासून. मग ८००, १०००, १५००. पेपर ओला, पाण्यात थेंबभर साबण. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदला, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत का ते दिसतं. ४०० चा एक चुकार ओरखडा बफिंगनंतर (फिरत्या कापडी चाकावर चमकवल्यावर) आरशात दिसावा तसा दिसतो, आणि मग सगळं पहिल्यापासून.

बफिंगला आधी तपकिरी सोप (चाकाला लावायची पॉलिशची वडी), नंतर पांढरा. दोघांची चाकं वेगळीच. पट्टी लाकडी फळीवर बांधा. चाक कडेवरून बाहेर जाऊ द्या, कडेत शिरू देऊ नका. शिरलं की पट्टी हातातून ओढली जाते आणि वाकते. हाताला चटका बसेल इतकी तापली तर थांबा, पातळ पत्रा पीळ खातो.

क्रोमवेडा:
वरून क्लिअर लॅकर मारला तर?

घासूनपुसून:
मी नाही म्हणेन. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो नीट धरत नाही, कडेने सुटतो आणि त्याखाली पाणी शिरतं. मेण लावा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. कायमचं हवं असेल तर परत ॲनोडाइज करून घ्या.

पत्रेवाला:
आणि जुन्या लोखंडी क्लिपा तशाच बसवू नका. ॲल्युमिनियम, लोखंड आणि ओल एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी झिजतं. क्लिपेपाशीच ठिपके जास्त असतील, बघा. प्लॅस्टिकच्या मिळाल्या तर त्या, नाहीतर क्लिपेला ग्रीस.