देवमाशाच्या कंबरेची हाडे : अवशेषांगे की उपयोगी अवयव?

प्रश्न : दहावीच्या वर्गात उत्क्रांतीचे शरीरशास्त्रीय पुरावे शिकवताना मी देवमाशाच्या कंबरेच्या हाडांचे उदाहरण देते. जननेंद्रियांचे स्नायू याच हाडांना जोडलेले असतात, असे एका विद्यार्थिनीने दाखवून दिले. मग त्यांना अवशेषांगे म्हणावे का?

प्रतिसाद १ : अवश्य म्हणावे. अवशेषांग म्हणजे निरुपयोगी अवयव नव्हे, तर मूळ काम सुटलेला अवयव. ही हाडे पाठीच्या कण्याला जोडलेली नसून स्नायूंत रुतलेली असतात आणि मागचे पायच नसल्याने भार पेलण्याचे कामही उरलेले नाही. विद्यार्थिनीचे मात्र मनापासून कौतुक करा.

प्रतिसाद २ : मला पुढचा पर अधिक बोलका वाटतो. बाहेरून वल्ह्यासारखा दिसणारा हा अवयव उघडला, तर आत दंडाचे एक आखूड, जाड हाड, त्यापुढे दोन हाडे, मग मनगट आणि बोटे, असा आपल्याच हाताचा क्रम सापडतो. वटवाघळाच्या पंखातही तोच आहे.

प्रतिसाद ३ : डॉल्फिनच्या गर्भात सुरुवातीच्या आठवड्यांत मागच्या पायांचे अंकुर फुटतात आणि पुढे विरून जातात. २००६ साली जपानमधील ताइजीजवळ पकडलेल्या एका डॉल्फिनला तर मागच्या बाजूस परांची जादा जोडी होती.