Re: म्हातारी मांजर आणि खर्च
'म्हातारपणी मांजर नुसती झोपून असते, खर्च काहीच नाही' हे वर वाचलं. झोपून असते हे खरं, पुढचं नाही पटलं. आमची बोकी पंधरा वर्षांची झाली तेव्हा एकदम पाणी जास्त प्यायला लागली. आम्हाला वाटलं, उन्हाळा आहे. निघाली किडनी. मांजरांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं बरंचसं काम आधीच गेलेलं असतं, त्यामुळे दहाव्या वर्षानंतर दरवर्षी रक्त-लघवी तपासलेली बरी. आणि अंग दुखतंय वाटलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही देऊ नका, तिच्यासाठी ते विषच.

आता एक दिवसाआड मानेमागच्या कातडीखाली सलाइन देतो, डॉक्टरांनीच शिकवलं. बाटली स्वस्त असते हो, महाग पडतं ते गावाला जाणं. सुई टोचायला शेजारी कोण तयार होणार? दोन वर्षं गणपतीला घरी गेलो नाही. सलाइन चालू असताना मात्र ती माझ्या मांडीवर घुरघुरत पडून राहते. तरुणपणी हात लावू द्यायची नाही, बया.