मदत हवी आहे : समजून अभ्यास करणाऱ्यांना मार्क जास्त, हे माझ्या डेटात दिसतच नाहीये

निशाचर
लघुप्रबंध सोमवारी द्यायचाय. विषय : विद्यार्थ्यांची अभ्यासपद्धती आणि शैक्षणिक यश. प्रश्नावली भरून घेतली, बेरजा केल्या, सहसंबंध काढला. सखोल पद्धतीचा, म्हणजे समजून शिकण्याचा, मार्कांशी संबंध जवळपास शून्य! जिथे वाचावं तिथे लिहिलंय की समजून शिकणारे पुढे जातात. गाईड म्हणतात, "काहीतरी चुकलंय, बघ." काय ते सांगत नाहीत. एक्सेलकडे बघून डोकं उठलंय. लवकर सांगा, लांबलचक थिअरी नको.

गणिती_किडा
कुठली प्रश्नावली? किती जण? मार्क एका पेपरचे की पूर्ण वर्षाचे? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस.

खडूमास्तर
अरे बाळा, मनापासून वाचलं की मार्क आपोआप येतात. पहाटे उठावं, मोठ्याने वाचावं, वाचलेलं पुस्तक मिटून वहीत उतरवावं. मोबाईल दुसऱ्या खोलीत. करून बघ.

निशाचर
सर, अभ्यास कसा करू असं विचारलंच नाहीये.
@गणिती_किडा बिग्जची, वीस प्रश्नांची. मार्क मागच्या सत्राचे.

गणिती_किडा
म्हणजे बिग्ज, केंबर आणि लेउंग यांची २००१ ची. तिच्यात दोनच मोजपट्ट्या, सखोल आणि वरवरची (नुसतं परीक्षेपुरतं उरकणं), प्रत्येकी १० प्रश्न. १ आणि २ सखोलचे, ३ आणि ४ वरवरचे, ५ आणि ६ परत सखोलचे, असं शेवटपर्यंत. दोन्ही बेरजा वेगळ्या ठेवायच्या, प्रत्येक १० ते ५० च्या मध्ये यायला हवी. तुझ्या येतात का? नमुना किती, ते राहिलंच.

चष्मिस_मांजर
उलटे प्रश्न, म्हणजे ज्यांत 'हो' म्हटलं की गुण कमी व्हायला हवेत ते, सरळ करून घेतलेस का? आमच्या बॅचमध्ये निम्म्यांचा घोळ तिथेच होता.

गणिती_किडा
या प्रश्नावलीत उलटे प्रश्न नाहीत.

चष्मिस_मांजर
असतातच. सगळ्याच प्रश्नावल्यांत असतात.

गणिती_किडा
वीसच्या वीस समोर उघडे आहेत. कुठला ते दाखव.

मधली_सुट्टी
तुम्ही मुळापासूनच चुकीचं बघताय. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. आधी ज्याची त्याची शैली तपासा, मग मार्कांचं बघा.

रुक्ष_बाई
@मधली_सुट्टी, तो विषय वेगळा. शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, हे पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच लिहून ठेवलंय. इथे चाललंय ते मार्टन आणि सॅल्यो यांचं, १९७६ चं. त्यांनी विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला. काहींनी लेखकाला काय म्हणायचंय ते शोधलं. काहींनी पुढे काय विचारतील याचा अंदाज बांधून तेवढं डोक्यात कोंबलं. हा माणसाचा कायमचा स्वभाव नाही. तोच विद्यार्थी एका विषयात असा आणि दुसऱ्यात तसा वागू शकतो.

@निशाचर, शून्य आलं म्हणून घाबरू नका. रिचर्डसन, अब्राहम आणि बाँड यांनी २०१२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले. मार्कांशी सखोल पद्धतीचा सहसंबंध ०.१४ (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण), वरवरचीचा उणे ०.१८, नियोजनपूर्वक, म्हणजे वेळ आखून मार्कांवर नजर ठेवून केलेल्या अभ्यासाचा, ०.२३. ०.१४ चा वर्ग केलात तर मार्कांमधल्या फरकाचा जेमतेम दोन टक्के भाग निघतो. "जिथे वाचावं तिथे" जे लिहिलेलं असतं, ते आकड्यांत एवढंसंच आहे. आणि तिघींत जिचा संबंध सगळ्यांत जास्त, ती नियोजनाची बाजू तुमच्या प्रश्नावलीत नाहीच. बिग्जच्या १९८७ च्या जुन्या आवृत्तीत तशी पट्टी होती, २००१ मध्ये काढली.

पेपरांत काय विचारतात, तेही बघा. टिपणांतलंच उतरवायचं असेल तर सखोल वाचणाऱ्याला जास्तीचे मार्क कुठून मिळणार?

घोकू
हेच तर! मी सगळं पाठ केलं आणि वर्गात पहिला आलो. समजून घेणाऱ्यांना शेवटचे दोन प्रश्न लिहायला वेळ पुरायचा नाही.

रुक्ष_बाई
पाठांतर म्हणजे वरवरचा अभ्यास असंही नाही. मार्टन, डाल'अल्बा आणि त्से यांनी १९९६ मध्ये चिनी शिक्षकांशी बोलून हेच मांडलं, की समजून घेण्यासाठीही पाठ करता येतं. तुम्ही कसं पाठ केलंत ते मला माहीत नाही.

घोकू
रट्टा मारून.

खडूमास्तर
रट्टा परीक्षेनंतर आठवड्यात उडून जातो.

घोकू
मार्कशीट उडत नाही ना सर.

निशाचर
कृपया भांडू नका. बेरजा १० ते ५० मध्येच आहेत. विद्यार्थी चार शाखांचे आहेत. त्याने काही फरक पडतो का?

गणिती_किडा
आत्ता सांगतोयस!! पडतो म्हणजे? एका शाखेत साठ म्हणजे शेवटून पहिला, दुसरीत तेच साठ म्हणजे वर्गात वरचा. सगळे मार्क एका रकान्यात ओतलेस तर जो काही संबंध असेल तो बुडणारच. प्रत्येक शाखेची सरासरी मार्कांतून वजा कर, त्या शाखेच्या प्रमाण विचलनाने भाग, मग एकत्र कर. आधी नुसता आलेख काढून डोळ्यांनी बघ. क्रॉनबाख अल्फाही दे, म्हणजे एका पट्टीचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा. मूळ लेखकांचाच सखोलसाठी ०.७३ आणि वरवरसाठी ०.६४ होता, म्हणजे तुझा थोडा कमी आला तर लगेच फास लावून घेऊ नकोस.

निशाचर
केलं. वरवरच्या पद्धतीचा संबंध उणे आला, लहानसा आहे पण दिसतोय. सखोलचा अजूनही नाहीच. आता गाईडना काय दाखवू?

चष्मिस_मांजर
टोकाचे आठ-दहा बिंदू काढून टाक, येतं की नाही बघ. व्हायवात कोण विचारतंय?

रुक्ष_बाई
असले सल्ले देऊ नका. व्हायवात मी विचारते.
@निशाचर, दोन्ही आकडे जसेच्या तसे द्या, शाखानिहाय तक्ता जोडा. रिचर्डसन वगैरेंच्या वरच्या आकड्यांशी तुलना करा. त्यातही सखोलचा आकडा लहानच आहे, तेव्हा तुमचा निकाल फार जगावेगळा नाही. मग एकदोन परिच्छेदांत परीक्षेच्या प्रश्नांचं स्वरूप लिहा. प्रश्नपत्रिका मिळाल्या तर किती प्रश्न आठवणीवर आणि किती विचारावर, ते मोजा. गाईडना तो भाग आवडेल असं वाटतं.

निशाचर
प्रश्नपत्रिका मिळवतो. सोमवारपर्यंत दोन शाखांच्या तरी होतील.

शेवटचा_बाक
माझंही असंच अडलंय. फक्त माझी एंटविसलची, ५२ प्रश्नांची आहे आणि तिच्यात नियोजनाची पट्टीही आहे. इथेच विचारू का?

गणिती_किडा
नवा धागा काढ. आणि किती जण, कुठल्या शाखा, मार्क कसले, हे पहिल्याच ओळीत लिही.